पूल बांधला कुणी, पाटी कुणाची?

युद्धाचा सिनेमा बघताना आपल्या पोरांची एक खोड आहे. बाँब फुटला, पूल उडाला, गाडी नदीत कोसळली की शिट्ट्या मारायच्या आणि म्हणायचं, काय पिक्चर आहे राव! दुसऱ्या बाजूला आपले प्रस्थापित समीक्षक. ते चष्मा पुसत म्हणणार, मानवी मनाच्या गूढ तळाचा शोध वगैरे. शिट्टी मारणारा आणि चष्मा पुसणारा, दोघंही सिनेमाला उलटा प्रश्न विचारत नाहीत.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा १९५७ चा सिनेमा. दिग्दर्शक डेव्हिड लीन. सात ऑस्कर मिळालेला. आजही थोर युद्धपटांच्या यादीत त्याचं नाव असतंच. सगळे म्हणतात त्याचा विषय युद्ध आहे. माझ्या मते त्याचा विषय काम आहे. काम कुणी करायचं, कुणासाठी करायचं, आणि झालेल्या कामावर नाव कुणाचं लागायचं. या विषयात आपल्याला कुणाची शिकवणी लावायची गरज नाही. म्हणून या सिनेमाची चिकित्सा आपणच केली पाहिजे. त्यात जे खरं आहे त्याला खरं म्हटलं पाहिजे आणि जिथं गोष्ट ओढूनताणून जुळवलीय तिथं बोट ठेवलं पाहिजे.

गोष्ट थोडक्यात अशी. १९४२ साली सिंगापूर पडलं आणि इंग्रजांची फौजच्या फौज जपान्यांच्या कैदेत गेली. जपान्यांना सयाममधून ब्रह्मदेशात रेल्वे न्यायची होती. या रेल्वेच्या वाटेवर जंगलातल्या एका छावणीत कर्नल निकल्सनची पलटण येते. छावणीचा प्रमुख कर्नल साइतो. त्याला ठरल्या तारखेला क्वाय नदीवरचा लाकडी पूल पुरा करायचाय. नाही झाला तर त्याला स्वतःचा जीव द्यावा लागणार. तो हुकूम सोडतो, अधिकाऱ्यांसकट सगळे अंगमेहनत करतील. निकल्सन नाही म्हणतो. छळ सोसून शेवटी जिंकतो. आणि जिंकल्यावर शत्रूसाठी स्वतःच पूल बांधून देतो, तोही शत्रूला जमला नसता इतका पक्का. तिकडून शिअर्स नावाचा पळून गेलेला अमेरिकन कैदी इंग्रज कमांडोंबरोबर तोच पूल उडवायला परत येतो. शेवटच्या सकाळी सगळे नदीच्या पात्रात समोरासमोर येतात.

आधी सिनेमाची ताकद सांगतो, कारण ती आहे आणि मोठी आहे.

पलटण छावणीत येते तेव्हा शिपायांच्या पायात बुटांच्या चिंध्या झाल्यात, पण शिळेवर चाल धरून पावलं बरोबर पडतायत. निकल्सन खिशातून पुस्तक काढतो, १९२९ चा जिनिव्हा करार. त्याचं २७ वं कलम सांगतं की धडधाकट कैद्यांना कामाला लावता येईल, पण अधिकाऱ्यांना नाही. साइतो तेच पुस्तक त्याच्या तोंडावर हाणतो. जपाननं या करारावर सही केली होती, मंजुरी कधी दिलीच नव्हती. अधिकाऱ्यांवर मशीनगन रोखली जाते. डॉक्टर क्लिप्टन मधे पडतो म्हणून गोळ्या सुटत नाहीत. मग निकल्सनला पत्र्याच्या खोक्यात कोंडतात. उन्हात तापणारं खोकं. छावणीत त्याला भट्टीच म्हणतात. ॲलेक गिनेस या नटानं त्या भट्टीतून बाहेर पडणाऱ्या माणसाची चाल अशी केलीय की बघणाऱ्याचे गुडघे दुखावेत.

निकल्सनचं धैर्य खोटं नाही. पण तो कशासाठी मरायला तयार झालाय? आजारी माणसाला राबवू नका, यासाठी नाही. पोटभर खायला द्या, यासाठीही नाही. अधिकाऱ्याच्या हातात कुदळ देऊ नका, यासाठी. शिपाई दिवसभर घाम गाळतायत त्याला त्याची हरकत नाही. अधिकाऱ्यानं त्या घामात उतरलं की मात्र पलटण मोडली, माणसं गुलाम झाली, असं त्याचं गणित. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या आणि त्यांना करू न दिलेल्या भाषणात जातीबद्दल दाखवून दिलं की ती नुसती कामं वाटून थांबत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड रचते. लष्करातला हुद्दा म्हंजे जात, असं मी म्हणणार नाही. हुद्दा चढता येतो, उतरता येतो. जात जन्माची. पण हातानं काम करणं म्हंजे खाली पडणं, ही समजूत दोन्हीकडं एकच. आणि तिला तत्त्वाचा रंग द्यायची हुशारीही एकच. सिनेमा हे आपल्याला उघड सांगत नाही, पण दाखवतो. तेवढं इमान त्याच्यात आहे.

दरम्यान शिपाई काय करतायत? काम बिघडवतायत. साहेब भट्टीत आहे तोवर शिपाई आपल्या डोक्यानं लढतायत. बांधकाम उभं राहतं आणि धाडकन नदीत पडतं, सगळे दात काढतात. मनाविरुद्ध राबवलेल्या माणसाचं हे जुनं हत्यार आहे. हात संथ चालवायचा, खिळा वाकडा मारायचा, समजलंच नाही असं तोंड करायचं. साच्यावर उभं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. निकल्सन सुटून बाहेर येतो, कामाची पाहणी करतो, आणि या लढ्याला तो बेशिस्त म्हणतो. शिपायांनी हिकमतीनं जे बिघडवलं त्याची साहेबाला शरम वाटते! इथं सिनेमानं नस बरोबर पकडलीय. खालच्याचा प्रतिकार वरच्याला कधी प्रतिकार म्हणून दिसतच नाही.

साइतो हरतो तो प्रसंगही बघा. १९०५ साली जपाननं रशियाला हरवलं, त्याचा वाढदिवस म्हणून माफी देतोय, असं निमित्त काढून तो अधिकाऱ्यांना कामातून सोडतो. बाहेर शिपाई निकल्सनला खांद्यावर घेऊन नाचतायत आणि आत हा हुकूमशहा बिछान्यावर पडून पोरासारखा रडतोय. सेसू हायाकावानं हे काम केलं. युद्धपटात शत्रू म्हंजे दात विचकणारा राक्षस, असा रिवाज असताना शत्रूला रडू देणं ही मोठी गोष्ट आहे.

पण माझ्या हिशेबानं सिनेमाचा सर्वांत भेदक प्रसंग यापुढं आहे. पुलाला माणसं कमी पडायला लागतात. निकल्सन तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांना विचारतो आणि ते राजीखुषीनं हातानं काम करायला तयार होतात. ज्या गोष्टीसाठी तो भट्टीत मरायला निघाला होता तीच! मग तो दवाखान्यात येतो. खाटेवरच्या आजाऱ्यांना गोड आवाजात विचारतो, जरा मोकळ्या हवेत हलकं काम कराल का. आणि ते लंगडत, एकमेकांच्या आधारानं उठतात. साइतोनं बंदूक रोखून जे मिळवलं नसतं ते आपल्या साहेबानं खांद्यावर हात ठेवून मिळवलं. क्लिप्टन बघत राहतो. दोस्तहो, हा प्रसंग दोनदा बघा. गोड बोलून आजाऱ्याला उठवणारा साहेब कुठल्या देशाचा, कुठल्या रंगाचा, कुठल्या झेंड्याचा, याला फार अर्थ नसतो.

क्लिप्टन त्याला एकदा विचारतो की आपण शत्रूला इतका चांगला पूल बांधून द्यावा का, याला फितुरी म्हणणार नाहीत का. निकल्सनचं उत्तर असं की युद्ध कधीतरी संपेल आणि त्या वेळी लोकांनी म्हणावं, हा पूल गुलामांच्या टोळीनं नाही, सैनिकांनी बांधला. म्हंजे काम चांगलं केलं की आपण गुलाम उरत नाही, अशी त्याची समजूत. इथंच तो फसलाय. गुलामानं केलेलं उत्तम काम हे मालकाचं उत्तम काम होतं. कामाचा अभिमान वाईट नाही, त्याशिवाय माणूस जगू शकत नाही. पण काम कुणाच्या उपयोगी पडणार हा प्रश्न गिळून टाकल्यावर जो अभिमान उरतो, तो नशेचा प्रकार आहे.

आता जुळवाजुळवीकडं येऊ.

गोष्टीत योगायोग असूच नये असं कुणी म्हणणार नाही. आपल्या आयुष्यातही तो असतो. पण पूर्वतयारी वेगळी आणि जुळवाजुळव वेगळी. जॉइस नावाच्या तरुण कमांडोचं उदाहरण घ्या. घरी तो हिशेबनीस होता, दुसऱ्यांनी तपासलेले आकडे पुन्हा तपासायचं काम करायचा. त्याला आधीच विचारलं जातं, समोरासमोर सुरी चालवशील का? जंगलात वेळ येते तेव्हा त्याचा हात अडतो आणि त्यापायी वॉर्डन या प्रमुखाच्या पायाला गोळी लागते. शेवटच्या सकाळी त्याचा हात अडत नाही. ही पूर्वतयारी. त्या माणसाच्या स्वभावातून, भीतीतून, शरमेतून घटना निघाली. नदीचं पाणी एका रात्रीत उतरतं आणि सुरुंगाची तार उघडी पडते, हा तसा योगायोगच. पण तो पचतो. कारण ती तार दिसते कुणाला? निकल्सनला. पुलावर जीव टाकलेल्या माणसालाच आपल्या पुलाखालची उपरी वस्तू खटकणार.

शिअर्सची गोष्ट मात्र तशी नाही. सुरुवातीला तो माणूस म्हणून उत्तम उभा राहिलाय. मेलेल्याच्या अंगावरचा लायटर काढून तो जपान्याला लाच देतो आणि आजाऱ्यांच्या यादीत नाव घालून घेतो. पुढं कळतं की तो अधिकारी नाहीच. जहाज बुडालं तेव्हा मेलेल्या अधिकाऱ्याचे कपडे त्यानं अंगावर चढवले, कारण कपडे बदलले की वागणूक बदलते. किती खरं आहे हे! पण पळताना त्याला गोळी लागते, तो वरून नदीत पडतो, मेला म्हणून सगळे सोडून देतात, मग गाव सापडतं, गावकरी बरं करतात, होडी देतात, आणि थोड्याच वेळात तो सिलोनच्या किनाऱ्यावर नर्सबरोबर मजेत. ज्या जंगलातून कुणी जिवंत सुटत नाही असं आपल्याला पटवलं, त्या जंगलातून नायक सुटतो तो केवळ त्याला परत आणायचा असतो म्हणून. आणि परत कसा आणायचा? त्याची तोतयेगिरी उघड झालीय, अमेरिकन नौदलानं त्याला इंग्रजांच्या हवाली केलंय. जातोस की अडकतोस? मूळ फ्रेंच कादंबरी पिअर बूलची, १९५२ सालची. तिच्यातला शिअर्स इंग्रज आहे. सिनेमात तो अमेरिकन झाला आणि विल्यम होल्डनसारखा मोठा नट त्यात आला. तिकिटबारीची गरज आणि कथेची गरज यांची ही सोयरीक आहे. तिचा सांधा दिसतो.

आता दुसरी जुळवाजुळव. कमांडोंचं सामान वाहायला हमाल म्हणून सयामी बायका येतात. सगळ्या तरुण, सगळ्या देखण्या. वाटेत आंघोळ, नजरानजर. जखमी वॉर्डनला जंगलातून वाहून नेतात त्याही याच. यांना गाणं नाही, राग नाही, स्वतःची म्हणून एकही गोष्ट नाही. आणि एक साधा प्रश्न मनात येतो, यांचे पुरुष कुठंयत? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे आणि ते भयंकर आहे.

ही रेल्वे खरी होती. सुमारे ४१५ किलोमीटरची. १९४२ च्या मध्याला काम सुरू झालं, १९४३ च्या ऑक्टोबरात रूळ जुळले. साठ हजारांच्या आसपास दोस्त राष्ट्रांचे कैदी तिथं राबले, त्यातले बारा हजारांवर मेले. याशिवाय आशियाई मजूर होते, दोन लाखांच्या घरात. बर्मी, मलाय, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांतले तमिळ. मेलेल्या आशियाई मजुरांचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास धरतात. पटकी, मलेरिया, उपासमार. या तमिळ मजुरांत मोठा भाग मद्रास इलाख्यातून मळ्यांवर नेलेल्या अस्पृश्य ठरवलेल्या जातींचा होता. आपलीच माणसं. एक समुद्र ओलांडून रबरासाठी गेली आणि दुसऱ्याच्या युद्धात रुळांखाली गाडली गेली. कांचनाबुरीला सुमारे सात हजार कैद्यांच्या कबरी ओळीनं मांडल्यात. आशियाई मजुरांच्या बहुतेक प्रेतांना नाव सोडा, जागाही ठरलेली मिळाली नाही.

एकशे एकसष्ट मिनिटांच्या सिनेमात हे लोक नाहीत. कुणी म्हणेल, ही एका इंग्रज कर्नलची गोष्ट आहे, तिच्यात तुमचे तमिळ मजूर कशाला कोंबायचे? मी कोंबा म्हणत नाही. पण सिनेमाचा स्वतःचा प्रश्नच 'हा पूल कुणी बांधला' असा असेल, तर उत्तरातून दोन लाख माणसं गळून कशी पडली हे विचारायचा हक्क आम्हाला आहे. गंमत म्हंजे कादंबरीकार बूल स्वतः मलायात रबराच्या मळ्यावर इंजिनियर होता.

तिसरी जुळवाजुळव सगळ्यांत मोठी. शेवट. तार दिसल्यावर निकल्सन साइतोला घेऊन पात्रात उतरतो. जॉइस साइतोला भोसकतो आणि निकल्सनला सांगतो, मी इंग्रज आहे, पूल उडवायला आलोय. निकल्सन काय करतो? पूल वाचवायला जपान्यांना हाका मारतो! जॉइस मरतो. शिअर्स पोहत येतो, तोही मरतो. मरता मरता शिअर्सला ओळखल्यावर निकल्सनच्या डोळ्यांत उजेड पडतो, आपण हे काय करून बसलो. गाडी पुलावर येतेय. आता त्याला ठरवायचंय. सबंध सिनेमा या एका क्षणासाठी चाललेला आहे. आणि नेमका याच क्षणी वॉर्डनच्या तोफगोळ्यानं जखमी झालेला निकल्सन भेलकांडतो आणि सुरुंगाच्या दट्ट्यावर पडतो. पूल उडतो.

त्यानं दाबला की तो नुसता पडला? यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालतायत आणि त्यालाच कलेची संदिग्धता म्हणतायत. मला ती पळवाट वाटते. बघा, साइतोनं रात्री मरणाची तयारी केली होती. सुरी काढून ठेवली, पत्र लिहिलं. सकाळी जॉइसनं त्याला मारून त्याचा निर्णय काढून घेतला. शिअर्सचा परत यायचा निर्णय धमकीनं काढून घेतला होता. आता निकल्सनचा निर्णय तोफगोळ्यानं काढून घेतला. तीन माणसं, तिघंही स्वतःच्या जबाबदारीच्या उंबऱ्यावर येतात आणि लेखक तिघांना मागून ढकलतो. निकल्सननं शुद्धीवर, दोन पायांवर उभं राहून दट्ट्या दाबला असता तर त्याला कबूल करावं लागलं असतं की ते काम, तो अभिमान, आजाऱ्यांना उठवणं, सगळं शत्रूच्या झोळीत गेलं. किंवा दाबलाच नसता, तर तो अखेरपर्यंत कोण होता हे उघड झालं असतं. दोन्ही शेवट जड गेले असते. म्हणून प्रेत पाडलं, गाडी पाडली आणि डॉक्टरच्या तोंडी हा सगळा वेडेपणा आहे असं घातलं. कादंबरीत पूल उडतच नाही. प्रेक्षकाला स्फोट पाहिजे होता, तो दिला. खराखुरा पूल, खरीखुरी गाडी, सिलोनमध्ये केळणी नदीवर कितुलगलाला.

आणि 'वेडेपणा' या शब्दावरही माझा आक्षेप आहे. वेड म्हटलं की कुणी जबाबदार उरत नाही. हुकूम, हुद्दा, रेल्वे, साम्राज्य, हे सगळं शुद्धीत चाललेलं होतं.

खऱ्या पुलाची हकीकत ऐकली तर ही पळवाट आणखी सलते. तामरकान छावणीत खरा वरिष्ठ इंग्रज अधिकारी फिलिप टूसी होता. त्याच्या माणसांनी लाकडात वाळवी सोडली, काँक्रीट कच्चं कालवलं. तिथून सुटून आलेल्या कैद्यांना निकल्सन हे आपल्या साहेबाचं चित्र म्हणून कधीच पटलं नाही. तिथले पूल पुढं १९४५ साली विमानांनी पाडले. म्हंजे शिपायांनी सुरुवातीला पडद्यावर जे केलं, हसत हसत काम बिघडवणं, तेच प्रत्यक्षात शेवटपर्यंत चाललेलं होतं. सिनेमानं ते अर्ध्यावर सोडलं.

पाटीचंही सांगून टाकतो. पूल झाल्यावर निकल्सन त्यावर पाटी ठोकतो. इंग्रज फौजेच्या सैनिकांनी बांधला, आणि खाली नाव एकट्याचं, त्याचं. संध्याकाळी कठड्याला टेकून तो म्हणतो की नोकरीची अठ्ठावीस वर्षं झाली, आपलं हिंदुस्थानावर प्रेम आहे, आणि हातून मागं काही उरेल का कोण जाणे. त्याच्या हातातली छडी नदीत पडते. फार सुंदर प्रसंग आहे, मी नाकारत नाही. पण या सिनेमाच्या स्वतःच्या पाटीचं काय झालं? पटकथा कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांनी लिहिली. दोघंही अमेरिकेत डावे म्हणून काळ्या यादीत. म्हणून पडद्यावर नाव लागलं पिअर बूलचं. पटकथेचं ऑस्करही त्यालाच. फोरमन आणि विल्सन यांना ते मान्य केलं गेलं १९८४ साली, दोघंही वारल्यावर. काम एकाचं आणि पाटी दुसऱ्याची, ही गोष्ट पडद्यावर दाखवणाऱ्यांनी पडद्यामागं तेच केलं.

मग हा सिनेमा टाकाऊ? मुळीच नाही. बघा, आणि वस्तीतल्या पोरांना जमवून बघा. दवाखान्याच्या प्रसंगाशी थांबवा आणि विचारा, हा साहेब चांगला की वाईट? चर्चा रात्र खाईल. जो सिनेमा कामाबद्दल एवढं बोलायला लावतो तो जुळवाजुळवीनं मरत नाही, लंगडतो.

आपल्यातले जे कथा लिहितात, पथनाट्य बसवतात, त्यांनी यातून एक घ्यावं. आपल्या नायकाला शेवटच्या क्षणी ट्रकखाली घालू नका, पुरात बुडवू नका, गुंडाच्या सुऱ्यानं आयत्या वेळी हुतात्मा करू नका. त्याला उभं ठेवा आणि ठरवू द्या. आणि जे चळवळीत, कचेरीत, कुणाच्या संस्थेत, कुणाच्या पक्षात इमानानं राबतायत, त्यांनी दिवसातून एकदा हातातलं काम थांबवून बघावं, की पूल तर झकास उभा राहतोय, पण त्यावरून गाडी कुणाची जाणार आहे?